हरभऱ्यातला थांबा

आमच्या यांनी हरभऱ्यात पाखरांसाठी रोवलेला एक थांबा अजून उभा आहे. उभ्या बांबूला सुतळीने बांधलेली आडवी काठी. तिच्यावर बसून पाखरं घाट्यांवरच्या अळ्या टिपतात. हे गेले, आता काठीही कुजत आली. ती पडायच्या आत तिचा एक फोटो मला हवा होता.

नात कॅमेरा घेऊन वावरात आली. काठीवर काळा कोतवाल पक्षी बसला होता. तिने छोट्या लेन्सने फोटो काढला. त्यात टिनाचं शेड, मोटारीचा पाइप, माझं वाळत घातलेलं पिवळं पातळ, सगळं स्वच्छ आलं. कोतवाल मात्र मुगाएवढा.

"झकास. सारं वावर दिसते," मी म्हणाले.

"पण पाखरू कुठं दिसते, आजी?"

तिथेच उभी राहून तिने लांबलचक लेन्स चढवली. "ही मागचा थोडासाच तुकडा घेते अन् त्याले पसरवते. म्हणून मागचं धूसर होते."

खरंच, पाखरू, काठी, सुतळीचा पीळ लख्ख आला. मागे नुसता मऊ हिरवा रंग आणि एक पिवळा डाग.

लग्नानंतर मलकापूरच्या स्टुडिओत मी शहाणीने हट्ट धरला होता, पडद्यावरचा धबधबा पूर्ण आला पाहिजे. "मले धबधबा नाही, तू पाह्यजे," हे म्हणाले होते. धबधबा पूर्ण आला. पायथ्याशी आम्ही, मुगाचे दोन दाणे.

नातीचं भलं होवो. तिचा फोटो आता देव्हाऱ्याशेजारी आहे. येणाऱ्याला मी पिवळा डाग दाखवते, "ही मी. या वेळी मागं राहिली, म्हणून यांचं काम नीट दिसलं."