झाकलेला अंतरा

आता खरंच वैताग आलाय. एका जुन्या सिनेमातल्या गाण्याची मांडणी मी सहाव्यांदा लिहिली. गायचं बायकोनं, सोबत की-बोर्डवर मी, एक बेस गिटार, एक ड्रमवाला आणि मंद्रूपच्या लग्नाच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला. जॅझच्या अंगानं करायचं म्हणे. हौस माझीच, बोलणार कुणाला?

तीस वर्षं आम्ही दोघं ऑर्केस्ट्रात होतो. गणपती, जत्रा, लग्नं, काही सोडलं नाही. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली आला. तेव्हापासून ती स्वयंपाक करतानासुद्धा गुणगुणत नव्हती. ती परत गायला लागावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी तालीम. कागद उडतात म्हणून पंखा बंद, जीव नकोसा होतो. पट्टी दोन सूर खाली आणली, लय सावकाश केली. तरी अंतऱ्यातला वरचा सूर जवळ आला की सॅक्सोफोन मध्ये घुसायचा, ड्रमवाला जोर करायचा आणि माझीही बोटं जोरात पडायची. ऑर्केस्ट्राचा रिवाजच तो. गायक अडखळतोय असं दिसलं की वादकांनी आवाज वाढवायचा, पब्लिकला कळता कामा नये. मी तर या वेळी ते कागदावरच लिहून ठेवलं होतं.

परवाच्या रविवारी ती मध्येच थांबली. सॅक्सोफोनवाला चाचरत म्हणाला की वैनी, लई भारी चाललंय की. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“नव्या वादकांना हे मीच शिकवायची,” ती मला म्हणाली. “मला झाकताय, ते मला कळत नाही होय?”

लाज वाटली, रागही आला. सहा-सहा वेळा लिहायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! पण तिचं खरं होतं. पेन घेतलं आणि अंतऱ्यातलं बेस सोडून सगळं खोडून टाकलं.

ती गायली. वरच्या सुरावर आवाज चरचरून फाटला. बेसशिवाय कुणी काही वाजवलं नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

ओळ पुरी करून तिनं विचारलं, “वाईट लागला ना?”

ऑपरेशन झाल्यापासून मी तिला नुसतं ‘छान, छान’ म्हणत आलो होतो. आता तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

“हो,” म्हणालो. “वाईट लागला.”

“मग परत घ्या,” ती म्हणाली.