नाला बघायला दिल्लीला

दिल्लीला चालले म्हटल्यावर सोसायटीतल्या प्रत्येकीने काही ना काही आणायला सांगितलं. कुणाला करोल बागेतून स्वेटर, कुणाला पेठा. मी काय बघायला चालले आहे हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. जानेवारीच्या थंडीत एक विधवा बाई पुण्याहून एकटी गुडगावचा नाला बघायला निघाली आहे, हे कळलं असतं तर माझ्या मुलीला अमेरिकेत फोन गेले असते.

तर आधी नाल्याचं सांगते. माझे यजमान सरकारी नोकरीत होते, पाण्याच्या प्रदूषणावर काम करणाऱ्या एका खात्यात. नव्वदच्या दशकात आमची दिल्लीला बदली झाली तेव्हा गुडगावात शेतं विकली जात होती आणि त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. बाहेरच्या कंपन्या आल्या, नोकऱ्या आल्या, माणसं आली. सांडपाण्याच्या लाइनी मात्र मागेच राहिल्या. मग काही बिल्डरांनी सोपा मार्ग काढला. पावसाचं पाणी वाहून न्यायला जे नाले होते, त्यांत गुपचूप संडास-मोऱ्यांचे पाइप सोडून दिले. ते सगळं जायचं नजफगढच्या मोठ्या नाल्यात आणि तिथून यमुनेत. कुठल्या नाल्यात कोण काय सोडतंय हे शोधायचं काम यांच्याकडे होतं. त्यात गुडगावातल्या एका शाळेमागच्या नाल्याने यांना सगळ्यात जास्त दमवलं.

शोधायची रीत साधी होती. पाऊस नसताना पावसाच्या नाल्यात पाणी असायलाच नको. म्हणून उन्हातान्हात काठाने चालायचं, पाणी वाहताना दिसलं की ते येतं तिकडे जात जात पाइप गाठायचा. आणि पाऊस आला की रस्त्यावरून येणारं पहिलं पाणी बाटलीत भरायचं, कारण रस्त्यांवरची सगळी घाण त्या पहिल्या पाण्यातच येते. उशीर झाला की संपलं. त्यामुळे ढग भरून आले की शेजारणींचे नवरे घरी यायचे आणि माझा बाहेर पडायचा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी भजी तळून एकटीच खिडकीत बसायची. भांडले, रुसले, मग सवय झाली. कोरड्या दिवसांत हे घरी आले की चपला काढायच्या आधी मी विचारायची, "कोरडा होता?" ते मान हलवायचे. "वाहतोय." इतक्या वर्षांत दुसरं उत्तर कधी आलं नाही.

अहवाल गेले, बैठका झाल्या, आमची बदली झाली. शेवटच्या आजारात एकदा बाहेर पाऊस लागला होता, तेव्हा म्हणाले, "माझे सगळे पावसाळे वाया गेले गं." ते गेले आणि ते वाक्य तेवढं घरात राहिलं. ते पावसाळे काही त्यांच्या एकट्याचे नव्हते. त्यांचे वाया गेले असतील तर माझेही गेले. एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं म्हणून मी तिकीट काढलं.

जानेवारीत जाणार असाल तर धुक्याची तयारी ठेवा. गाडी मथुरेपर्यंत वेळेवर असते आणि मग मधेच कुठेतरी झोपी जाते. खायला जवळ ठेवा, मोजे हाताशी ठेवा. निजामुद्दीनला उतरले तेव्हा दुपार टळून गेली होती. मेश्राम घ्यायला आले होते. ते मूळचे भंडाऱ्याचे, यांच्या हाताखाली नोकरीला लागले, अजून त्याच खात्यात आहेत आणि आता द्वारकेत फ्लॅट घेऊन राहतात. स्टेशनवर त्यांनी माझी बॅग घेतली आणि "वहिनी, बारीक झालात," एवढंच म्हणाले.

द्वारका म्हणजे एकसारख्या इमारतींचं गाव. पत्ता विसरलात तर रंगावरून घर सापडेल अशी आशा ठेवू नका. मेश्रामांच्या बायकोने, शालिनीने, झणझणीत वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती. त्यांच्या मुलीला मी सांडशी मागितली तर ती आईकडे बघायला लागली. "पकड माँग रही हैं," शालिनी म्हणाली, आणि मग मलाच समजावलं, "इथे वाढलेली पोरं, वहिनी. घरात बोलतो तेवढंच मराठी."

जेवताना मी नाल्याचं विचारलं. मेश्रामांनी ताटाकडे बघत सांगितलं की तुम्ही बघूनच या. मी काय समजायचं ते समजले. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि त्यांच्या मंडळाची बस संक्रांतीनिमित्त पानिपतला, काला अंब या मराठ्यांच्या युद्धस्मारकाला, निघणार होती. दिल्लीतली मराठी माणसं जानेवारीत तिथे जातात आणि पाहुण्यालाही धरून नेतात. बसची सगळी जबाबदारी मेश्रामांवर होती, तरी ती दुसऱ्यावर टाकून ते माझ्याबरोबर यायला तयार झाले. मी नको म्हटलं. मग शालिनीने मलाच बसमध्ये बसवायचा प्रयत्न केला. "मला एका वेळी एकच पानिपत झेपतं," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

सकाळी मेट्रोने निघाले. द्वारकेहून राजीव चौक, तिथे पिवळी लाइन पकडून शेवटचं स्टेशन हुडा सिटी सेंटर. लांबचा फेरा आहे, पण एकट्या बाईला सोयीचा, आणि पहिल्या डब्यात बायकांची जागा असते. द्वारका मोडच्या अलीकडे मेट्रो नजफगढच्या नाल्यावरून जाते. काच बंद होती, वास आला नाही. पण खाली ते काळं पाणी तसंच होतं, आम्ही दिल्ली सोडली तेव्हा होतं तसं, वर फेस आणि काठाला प्लॅस्टिक. समोरची मुलगी कानात वायरी घालून हसत होती. मला तिथेच उतरून परत जावंसं वाटलं. दिवसभर शोधायचं ते उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं होतं. पण तिकीट शेवटपर्यंतचं होतं, आणि परत जाऊन मेश्रामांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये तरी काय करणार होते.

कुतुबमिनारच्या अलीकडे गाडी जमिनीखालून वर येते आणि पुढे झाडी दिसते. मग एकदम इमारती. माझ्या आठवणीत जिथे मोहरी होती तिथे मॉल होता. हुडा सिटी सेंटरला ऑटोवाले मीटर लावत नाहीत, आधी ठरवून घ्या. माझ्या ऑटोवाल्याला मी सेक्टर सांगितला, शाळेच्या मागचा पूल सांगितला. यांच्याबरोबर एकदाच गेले होते, तरी पूल लगेच ओळखला. बाकी काहीच ओळखीचं नव्हतं.

पुलावरून खाली पाहिलं तर नाल्यात पाणीच नव्हतं. तळाला सिमेंट, त्यावर वाळलेली पानं, एक तुटकी चप्पल, आणि मधोमध एक कुत्रं उन्हाला झोपलं होतं.

मला वाटलं, नाला बंदच केला. बुजवायचा असेल, वर दुकानं येतील. बाजूच्या सोसायटीचा वॉचमन जवळ आला. एकटी बाई पुलावर उभी राहून खाली बघते म्हटल्यावर त्याचं येणं बरोबरच होतं. "माताजी, फ्लैट देखना है?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाला देखना है. मी विचारलं, नाला बंद झाला का?

"बंद क्यों होगा? बारिश में चलता है," तो म्हणाला. "अभी बारिश कहाँ है?"

मी पुलाचा कठडा धरला. त्याला वाटलं चक्कर आली, त्याने खुर्ची आणून दिली. मी बसले आणि रडले. शेजारी परका माणूस उभा, समोर झोपलेलं कुत्रं, आणि ज्याला हे सांगायचं तो माणूसच नाही. इतकी एकटी मी ते गेले त्या दिवशीही नव्हते. त्या दिवशी घर भरलेलं होतं.

कोपऱ्यावरच्या गाड्यावर ब्रेड पकोडा आणि चहा घेतला. पकोडा गरम मागा, नाहीतर सकाळचा देतात. चहा संपेपर्यंत आभाळ भरून आलं. उत्तरेत थंडीत असा पाऊस येतो, गव्हाला चांगला म्हणतात. थेंब पडायला लागले तशी माणसं दुकानांच्या आडोशाला पळाली. चहावाल्याने मलाही आत बोलावलं. मी छत्री उघडून पुलाकडे निघाले.

कुत्रं उठून गेलं होतं. आधी कडेने एक बारीक धार आली, मग तळ भरला. काठाला उतरायच्या पायऱ्या होत्या, धरून धरून उतरले. रिकाम्या बाटलीत पाणी घेतलं आणि यांच्यासारखं आधी नाकाशी नेलं. पाणी गढूळ होतं, वर तेलाची झाक होती. रस्त्याची धूळ, गाड्यांचं ऑइल, ओली माती. संडासाचा वास नव्हता. बाटली परत नाल्यात ओतली आणि तिथेच उभी राहिले. पाय भिजले, थंडी वाजायला लागली. खिडकीतून दिसायचा त्यापेक्षा पाऊस इथे बराच वेगळा होता, आणि हे घरी का थांबत नसत ते मला थोडं कळलं. थोडंच.

संध्याकाळी मेश्राम पानिपतहून तिळगूळ घेऊन आले. मी नाला कोरडा होता म्हटल्यावर खाली बसले आणि सांगायला लागले. यांनी शोधलेले पाइप एकेक करून बंद केले, सांडपाण्याची वेगळी लाइन पडली, पुढे मोठ्या नाल्याला मिळायच्या आधी गाळ बसायला तळं केलं. हे सगळं व्हायला फार वर्षं गेली आणि पुरं झालं ते हे गेल्यानंतर.

"मग मला का नाही सांगितलं?" मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही.

"एकच नाला झाला, वहिनी. बाकीचे वाहतातच आहेत," ते म्हणाले. "सरांनी उभं आयुष्य घातलं, आणि एवढ्याशासाठी फोन कोणत्या तोंडाने करायचा?"

मला तेवढासुद्धा फोन चालला असता. पण ते त्यांना सांगितलं नाही. शालिनीने माझ्या पायांना गरम तेल लावून दिलं.

परतीच्या गाडीत नजफगढचं काळं पाणी डोळ्यांपुढून जात नव्हतं. एका नाल्याने यमुना स्वच्छ झाली नाही, होणारही नाही. ज्यांना दिल्लीत काही सुंदर बघायचं आहे त्यांनी हुमायूनच्या मकबऱ्याला जावं, हिवाळ्यात तिथे ऊन छान असतं. मी जे बघितलं ते दाखवण्यासारखं नाही. फोटोसुद्धा काढला नाही. सिमेंट, पानं आणि कुत्रं याचा फोटो कुणाला दाखवणार?

पुण्यात पोचले तेव्हा सोसायटीतल्या बायका खाली बसल्या होत्या. पेठा वाटला, स्वेटर दिला, थंडीचं सांगितलं. मग वर आले. कुलूप उघडलं, दिवा लावला. घर होतं तसंच होतं. बॅग दारातच ठेवली आणि चपला काढायच्या आधी म्हटलं,

"कोरडा होता हो."