लुटुपुटूचा जबाब

आमच्या शेजारच्या फौजदारबाईंनी सासूला स्वयंपाकघरात कोंडून चोरीचा जबाब घेतला, ही बातमी जिना चढून माझ्यापर्यंत आली तेव्हा तिला पाय तर फुटले होतेच, शिंगंही फुटली होती. खरं एवढंच, की दार वाऱ्यानं लागलं होतं आणि चोरी लुटुपुटूची होती.

बाईंची परीक्षा तोंडावर आली होती. साक्षीदाराचं सोंग घेतलेल्या माणसाकडून नीट जबाब काढायचा. नापास झाल्या तर पुन्हा चौकात उभं राहून शिट्टी फुंकायची. बाईंची खोड एकच, समोरचा तोंड उघडायच्या आत त्याच्या तोंडात उत्तर कोंबायच्या. म्हणून सापडेल त्याला धरून सराव चालला होता.

एकदा मीच सापडले. मी सायकलचोर पाहिला, असं ठरलं.

"चोर उंच होता ना, काकू?"

"असेल बाई."

"टक्कल? चष्मा? चालताना चपला फरफटवत होता?"

मी आपली मान डोलावत गेले. शेवटी जो चोर तयार झाला, तो बाहेर सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. बाईंचा नवरा.

"माझ्या पोराला आत टाकायला निघालीस होय गं?" सासूबाई म्हणाल्या. "एकदा विचार आणि तोंडाला कुलूप लाव. तुझ्या सासऱ्यांकडून मी असंच सगळं वदवून घ्यायचे."

पुढचं मला बाईंच्या नवऱ्यानं सांगितलं, तेही एका कप चहावर. परीक्षेला साक्षीदार म्हणून भाड्याचा नट आणला होता. बाईंनी विचारलं, "काय पाहिलंत?" आणि ओठ मिटले. नटानं पाठ केलेलं घडाघडा म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण शब्द नाही. नटाला घाम फुटला. त्यानं सायकलचा रंग सांगितला, मग घंटी, मग चोराच्या सासुरवाडीबद्दलही काहीबाही. तेही संपलं तेव्हा रडवेल्या आवाजात म्हणाला, "आणि साहेबांचा डबा मीच खाल्ला."

परीक्षकसाहेब दुपारपासून शिपायावर डूख धरून उपाशी बसले होते. त्यांनी बाईंना तिथल्या तिथे पास केलं.

अभिनंदनाला मी गेलेच. म्हटलं, "थोडा हातभार माझाही लागला हो तुला."

बाई म्हणाल्या, "लागला तर. काही न विचारता माणूस किती सांगतं, ते तुम्ही रोजच दाखवत होता, काकू. मीच मध्येमध्ये बोलत होते."