फुग्याची वेळ

लग्न होऊन मी नंदुरबारला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी नवऱ्याने मला धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, बोलावलं. दिवेलागण झाली होती, पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. ते म्हणाले, "त्या झाडाच्या वर बघत राहा. आत्ता येईल."

काय येणार ते मला ठाऊक नव्हतं. मी तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी. घरी गुजरी बोलायचे, गल्लीत अहिराणी, आणि मराठी शाळेतच. मॅट्रिक झाले होते म्हणून हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या या माणसाचं स्थळ आलं. फार बोलत नसत. त्या संध्याकाळी झाडावरून एक ठळक तारा निघाला आणि आवाज न करता आभाळभर चालत गेला. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली होती. तो तारा स्वाती आणि चित्रा या दोन नक्षत्रांच्या मधून गेला तेव्हा त्यांनी हातातलं स्टॉपवॉच दाबलं. ते शाळेच्या खेळाच्या सामानातलं होतं. मग खाली जाऊन त्यांनी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ते जुळवून घेतलं.

तो तारा नव्हता. चकचकीत पातळ पडद्याचा, वाड्याएवढा मोठा फुगा होता. परदेशातल्या लोकांनी तो रॉकेटने वर सोडला होता आणि तो पृथ्वीभोवती फिरत होता. एक केंद्र त्याच्या अपेक्षित वेळांची कार्डं पाठवी, आणि यांच्यासारखी हौशी माणसं ठिकठिकाणी खऱ्या वेळा टिपून त्यांवर परत कळवत.

"वेळ कळून काय करतात?" मी विचारलं.

"वरची हवा मोजतात," ते म्हणाले. "हवा एका जागी संपत नाही. विरळ होत होत अवकाशात मिसळते. तिथे कोण जाणार मोजायला? पण फुगा मोठा आणि वजनाला काहीच नाही, म्हणून तेवढ्याशा हवेनेही तो अडतो. अडला की खाली सरकतो, आणि खाली आला की फेरी लवकर पुरी करतो. तो ठरल्यापेक्षा किती आधी आला, त्यावरून तिथे हवा किती ते निघतं."

सूर्यावर वादळं उठली की ती हवा तापून फुगते आणि फुग्याला जास्त अडवते, हेही त्यांनीच सांगितलं. एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या. फुगा दिसायचे दिवस असले की मी भाकरी आधीच करून ठेवायची. संसारातले बरे दिवस म्हणून आजही मला तेच आठवतात.

मग एका संध्याकाळी आम्ही वर उभे होतो. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. फुगा झाडावरून वर आला, स्वातीच्या जवळून गेला आणि पूर्वेला उतरला. यांनी स्टॉपवॉच दाबलंच नाही. दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, "आज ढग आहेत. उपयोग नाही."

"ढग कुठे आहेत?" मी म्हणाले. "आत्ता गेला की तो."

ते शिडीकडे वळले. शिडीवरून उतरताना पायाने एकेक पायरी चाचपत उतरले. दुसऱ्या दिवशी घरमालकीण ओट्यावर बसून लसूण सोलत होती, तिला मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले माहीत नही का माय? सांज पडनी का मास्तरले दिसत नही. कालदिन मन्हा ओटावर पडता पडता वाचनात."

संध्याकाळी त्यांना दिसत नाही हे गल्लीला माहीत होतं आणि मला नव्हतं. मी यांना विचारलं तेव्हा कळलं की वर्षभरापासून त्यांना अंधुक उजेडात बारीक तारे दिसत नव्हते. ठळक फुगा कसाबसा सापडायचा, आता तोही निसटत होता.

सुरतेला एक मोठे डोळ्यांचे डॉक्टर होते. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. डॉक्टरांनी त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवून डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला गुजरातीत विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का. सासऱ्यांचे भाऊ म्हातारपणी आंधळे झाले होते, ते मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा डोळ्याच्या मागच्या पडद्याचा रोग आहे, याला औषध नाही. बाजूचं दिसणं आधी जाईल, मधलं शेवटी.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. नवापूर गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाहेर काय आहे?"

"जंगल," मी म्हणाले. "पळस फुललाय."

"तो दिसतोय मला," ते म्हणाले. "समोरचा दिसतोय."

घरी आल्यावर दुर्बीण मी हातात घेतली. तारे त्यांनीच शिकवलेले होते. मी वर उभी राहून "आता" म्हणायची आणि ते बाजूला बसून स्टॉपवॉच दाबायचे. पण माझा आवाज आणि त्यांचा अंगठा यांच्यात फरक पडत होता आणि आकडे बिघडत होते. एक दिवस ते म्हणाले, "दोन्ही तूच कर. आणि कार्डावर माझं नाव घालू नकोस. बघतेस तू."

"तुमचं नाव असलं तर काय झालं?"

"जे मी पाहिलं नाही ते मी पाहिलं म्हणून कळवायचं? ते नाही होणार."

आम्ही केंद्राला तसं कळवलं. त्यांनी काही दिवस माझ्या वेळा तपासल्या आणि मग मला निरीक्षक म्हणून घेतलं. कार्ड माझ्या नावाने येऊ लागलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या दिवसापासून ते धाब्यावर चढले नाहीत.

मी खाली आले की "दिसला?" एवढंच विचारायचे. मी वेळ सांगितली की मनातल्या मनात हिशेब करून "लवकर येतोय" किंवा "बरोबर आहे" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी त्यांना वर चला म्हणून किती वेळा म्हटलं असेल. "शिडीवरून कोणी धरून नेलेलं मला नको," ते म्हणायचे. शाळेत पोरं फळ्यावरच्या तिरक्या ओळींना हसू लागली. मग मुख्याध्यापकांनी त्यांना ग्रंथालयात बसवलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून राजीनामा दिला.

साठच्या दशकाच्या शेवटी सूर्यावरची वादळं वाढली. फुगा दर वेळी अपेक्षेच्या आधी येऊ लागला. मी वेळ सांगितली की ते उठून बसत, बोटांवर काहीतरी मोजत. एका संध्याकाळी म्हणाले, "वरची हवा फार फुगलीय. आता तो टिकत नाही." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात मास्तर ऐकू आले. मी जवळ जाऊन बसले. "म्हणजे पडेल? कुठे पडेल?"

"पडणार नाही. खाली येता येता जळून जाईल. कागदासारखा."

तसंच झालं. एका उन्हाळ्यात मी ठरलेल्या वेळी वर गेले आणि काही आलं नाही. अंधार दाट होईपर्यंत थांबले. काही दिवसांनी केंद्राचं पत्र आलं की फुगा वातावरणात शिरून नष्ट झाला, आणि निरीक्षकांच्या वेळांवरून वरच्या हवेविषयी बरंच कळलं, त्याबद्दल आभार. मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "चांगलं झालं. आता तुला वर जायला नको."

त्यांना मागाहून काही म्हणायचं असेल म्हणून मी वाट पाहिली. ते भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसरे उपग्रह होते, केंद्र मला त्यांच्या वेळा पाठवायला तयार होतं. मी नको म्हणून कळवलं. त्या वर्षी आम्ही माझ्या माहेरी राहायला गेलो; तोवर त्यांचं समोरचं दिसणंही गेलं होतं. भावाच्या केळीच्या बागेजवळ आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसायची. पंप चालू असायचा, पाटातून पाणी वाहायचं. ते विचारायचे, "अंधार पडला का?" मी म्हणायची, "पडला." मग ते डोळे मिटून घ्यायचे.