ओढणीआडचा प्रश्न

मला कमी ऐकू येतंय, हे दोन वर्षं मी कुणालाच कळू दिलं नव्हतं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना मुलांच्या ओठांकडे बघून वेळ मारून नेत होते.

त्या दिवशी विषय होता, दिसणाऱ्या खुणांवरून सगळ्यांत जास्त पटेल असं कारण कसं गाठायचं. मी उदाहरण मागितलं. अंबरपेठ भागातून येणारी, घरी मराठी बोलणारी एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुमच्यावरच देऊ?"

"दे की," मी हसून म्हणाले.

"तुम्ही फळ्याकडे वळलात की आमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघता. म्हणजे तुम्हाला कमी ऐकू येत असणार."

"याची दुसरी कारणंही असू शकतात," मी म्हणाले. आवाज उगाचच चढला होता.

"हो ना. म्हणून मघाशी तोंडावर ओढणी धरून विचारलं, परीक्षा कधी आहे? तर तुम्ही म्हणालात, हो, पंखा बंद कर."

वर्ग हसला. मला कुणाकडे बघवेना. "छान उदाहरण," एवढंच पुटपुटले आणि तास आवरता घेतला.

ती व्हरांड्यात माझ्यामागे आली. "बुरा नका मानू मॅडम. माझे आजोबा असंच करायचे, म्हणून लक्षात आलं."

"साम्यावरून काढलेलं अनुमान कच्चं असतं," मी तोडून बोलले.

"असेल. पण आजोबांनी लाजेपायी बोलणंच सोडलं होतं. आम्हाला वाटायचं, रागावलेत."

चिक्कडपल्लीला घरी पोचेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, "मला वाटलं, तुला माझं बोलणं नको झालंय. म्हणून मीही कमी बोलायला लागलो."

वर्गातल्या हसण्यापेक्षा हे जास्त लागलं. जगाला कारणं शोधायला शिकवणारी मी. हा गप्प का झाला, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात कोठी भागातल्या कानाच्या दवाखान्यात तोच घेऊन गेला. आता कानात मशीन आहे. वर्गात शिरताना मी अजून त्यावर केस ओढून घेते.