बंदुकांची पांजरपोळ

आमच्या शेजारचे बंदूकआप्पा कांदा खात नसत, पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, सूर्य मावळायच्या आत जेवून मोकळे होत, आणि त्यांच्या माजघरातल्या लोखंडी कपाटात चार बंदुका होत्या. निपाणीकडच्या आमच्या गावात नवखा पाहुणा आला की त्याला हे सांगायची आम्हाला भारी हौस. पाहुणा आधी हसायचा, मग आपली थट्टा चालली आहे असं वाटून गप्प व्हायचा. जैनाच्या घरात बंदुका? आम्हाला मात्र त्यात काही वावगं वाटत नसे, कारण आप्पांनी आयुष्यात चिमणीसुद्धा मारलेली नव्हती.

बार मात्र ते काढत. भुईमूग भरला की दिवस कलताना रानडुकरं शेतात उतरायची. आप्पा वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक घेऊन बांधावर उभे राहायचे आणि आधी खच्चून ओरडायचे, "उठा रं, जावा रं! बार काढतोय!" मग मान वर करून आंब्यावरच्या पाखरांनाही तीच सूचना. सगळी पांगल्याची खात्री झाली की छर्रे न घालता नुसती दारू ठासलेला बार आभाळाकडे उडायचा. माझे वडील पलीकडच्या शेतातून विचारायचे, "आप्पा, वरडल्यावरच गेली की ती! आता बार कशाला?" आप्पा शांतपणे सांगायचे, "त्यास्नी वाटाय नको, ह्यो नुसताच वरडतोय म्हणून."

बाकीच्या तीन बंदुका त्यांनी विकत घेतल्या होत्या, तेही त्या पुन्हा कधी चालू नयेत म्हणून. कुणा शिकाऱ्याची नजर गेली, कुणी वारला आणि घरच्यांना ते हत्यार नको झालं, की आप्पा परवान्याचे कागद घेऊन तिथे हजर. "आमच्याकडं आली की तिला पेन्शन," असं ते म्हणायचे. म्हाताऱ्या गुरांची पांजरपोळ असते, तशी ही बंदुकांची पांजरपोळ, असं मी एकदा चेष्टेने म्हटलं. त्यांना ते इतकं आवडलं की पुढे ते स्वतःच तसं सांगू लागले.

सुना जशा माहेरच्या गावावरून ओळखल्या जातात, तशी त्यांनी बंदुकांची नावं ठेवली होती. खानापूरवाली, काकतीवाली, चिकोडीवाली. वडिलांची ती घरची. रविवारी सकाळी सोप्यात चटई अंथरून ते चौघींना ओळीने मांडायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत बसायचे. खानापूरवालीच्या दस्त्यावरची अक्रोडाच्या लाकडाची रेघ बोटाने दाखवत मला म्हणायचे, "बघ बाळू, काय कारागिरी! आणि काम कसलं लावलं बघ हिला." त्यांच्या पत्नी आक्का आतून ओरडायच्या, "माझं माहेर इचारा की कवातरी!" एका परवान्यावर तीनच बंदुका बसत, म्हणून चिकोडीवालीचा परवाना आक्कांच्या नावावर होता. त्यांनी तिला कधी हातसुद्धा लावला नाही.

निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आमच्याकडे निवडणुकांना काय तोटा! त्या दिवसांत आप्पांचं घरात लक्ष लागत नसे. निकाल कुणाच्या बाजूने लागला हे त्यांना आठवड्याने कळायचं, पण बंदुका परत कधी देणार हे ते हवालदाराला रोज विचारून यायचे.

मग आक्का गेल्या, आणि पाठोपाठ नवा कायदा आला. आता एका माणसाला दोनच बंदुका. दोन काढायच्या म्हटल्यावर आप्पांची झोप उडाली. बेंगळूरचा मुलगा फोनवर म्हणाला, "बेळगावातल्या दुकानदाराला देऊन टाका की." पण दुकानदार कुणाला विकणार? आप्पा मला बोटं मोजून सांगायचे, "सोता केलं, दुसऱ्याकडनं करविलं, केलेल्याला बरं म्हटलं, तिन्हीचं पाप सारखंच. मी इकली आनि त्येनं ससा मारला, तर मारला कुनी?" गिऱ्हाइकं येत. आप्पा त्यांना चहा देत आणि पहिलाच प्रश्न टाकत, "काय मारणार?" एक जण ससे म्हणाला, एक जण डुकरं. तिसरा हसून म्हणाला, "काय न्हाई ओ, वरातीत बार काढाय." आप्पा म्हणाले, "वरातीत तर माणूसच मरतंय," आणि त्याला वाटेला लावलं.

शेवटी एका दुपारी ते बसने बेळगावला माझ्याकडे आले. मी इथे शाळेत शिक्षक आहे, हिंडलग्याच्या वाटेवर राहतो. आल्या आल्या म्हणाले, "बाळू, तू परवाना काढ. काकतीवाली आनि चिकोडीवाली तू घे. मला एक रुपाया नको. तू मारणार न्हाईस, येवढंच मला पायजे."

मी नाही म्हणालो. घरात लहान मुलं, परवान्याच्या खेपा, शाळेत लोक काय म्हणतील, अशी मी भराभर कारणं दिली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. "व्हय, तेबी खरंच," एवढंच म्हणाले. त्यांना चालेल असं आमच्या घरात केळ्याशिवाय काही नव्हतं. ते एक केळं खाऊन, दिवस बुडायच्या आत पोचायचं म्हणून लगेच उठले. पाठमोरे जिना उतरताना ते मला अजून दिसतात.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्या दोघी सरकारजमा केल्या. कायमच्या. मी सोबत गेलो, तेवढं तरी करावं म्हणून. ठाण्यात हवालदाराचे हात तेलाने माखले. तो चिडून म्हणाला, "आप्पा, ह्या मोडीत जाणार. कशाला तेल लावलंसा?" आप्पा म्हणाले, "जाताना माणसाला आंघोळ घालतोयच की."  हवालदारानेही फडकं काढून दोन्ही नळ्या हळूच पुसल्या.

आप्पा गेल्या उन्हाळ्यात वारले. उरलेल्या दोघींचं काय करायचं, असं त्यांच्या मुलाने मला विचारलं, तेव्हा मी क्षणभरही थांबलो नाही. परवान्याचा अर्ज आणला, नावगाव भरलं आणि कारणाच्या रकान्यापाशी अडलो. पीकसंरक्षण म्हणावं तर शेत भाऊ करतो. जिवाला धोका नाही, नेमबाजी येत नाही. मग लिहिलं, 'कुणी चालवू नये म्हणून.'

कचेरीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि मान हलवली. "नडेयल्ला सर. असलं कारण चालत न्हाई. पीकसंरक्षण लिवा, लगेच पुढं जातंय." त्याने पेनही पुढे केलं. मी ते घेतलं नाही. म्हणालो, "साहेबांना विचारा. मी बसतो." आप्पांना नाही म्हणायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. होकाराला आता कितीही खेपा पडू देत.