बिनआवाजाचे टायर

उतुआदोच्या डोंगरात घरोघरी फिरून आम्हा मधुमेह्यांची साखर तपासणारी नर्स नेरेइदा रोज लाल स्पोर्ट्स कार पिटाळते. वळणावर तिचे टायर असे किंचाळायचे, की आम्ही गोडधोड आधीच लपवायचो. ते झिजले तेव्हा ती माझ्याच दुकानात आली.

"रेसचे महागडे नकोत, लगेच झिजतात. पावसात रस्ता धरणारे, खड्ड्यांत टिकणारे दे. आणि आवाज अजिबात नको."

"मग साध्या गाडीचे घ्या, बाई. याच मापात मिळतात, स्वस्तही पडतात." मी मोठ्या तोऱ्यात बसवून दिले.

दुसऱ्याच दिवशी पेरूची वडी तोंडात कोंबली, तोच खांद्यावर हात पडला.

"टायर झकास आहेत हं, एलादियो," ती म्हणाली. "आता बोट पुढे कर."